आवाज नसलेल्या व्हिडिओचं घड्याळ

आधी आपांचं सांगतो, काय झालं ते मागून. कारण काय झालं ते सांगायला बसलो की मी माझ्याच घाबरण्याच्या गोष्टी सांगत सुटतो, आणि जिच्यामुळे ते झालं ती बाई बाजूला राहते.

आपा म्हणजे महागावात मी ज्यांच्या दुकानात काम करतो त्या चाचांची थोरली मुलगी. माझ्याहून थोड्या मोठ्या. शाळेत असताना तापात त्यांचे कान गेले. बोलतात मात्र खणखणीत, जरा जास्तच, कारण आपला आवाज किती चढला हे त्यांना कळायला मार्ग नाही. समोरच्याच्या ओठांवरून वाचतात. मी कोकणातला, खाडीकाठचा, बोलणं भरभर आणि तोंडातल्या तोंडात. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सुनावलं होतं, "काहून रे, तू बोलून राह्यला का चणे खाऊन राह्यला?" तेव्हापासून मी हळू बोलायला शिकलो. घरी फोन केला की आई म्हणते, "बरं नाही काय रे तुला? असा काय बोलतोस?"

मी नववीत शाळा सोडली. मोबाइलचे टॉवर उभे करणाऱ्या टोळीत लागलो आणि गावोगाव फिरत इथवर आलो. उंचावर चढलं की माझे पाय लटपटायचे. टोळीतले हसायचे. महागावचं काम संपलं, टोळी पुढे गेली आणि मी गेलो नाही. चाचांचं टीव्ही-मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे मी वायरी जोडून द्यायला कधीमधी बसायचो. चाचा म्हणाले, "चढता येत नाही नं? मंग बसून कर काम. बसाले कोणाले भेव लागते?" त्यांना माहीत नव्हतं, मला बसूनही भीती वाटते. दुरुस्त करून दिलेला टीव्ही गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बंद पडेल, या विचाराने मला जेवण जात नाही.

बाजाराच्या दिवशी खेड्यांवरची माणसं आमच्या दुकानात पिशव्या ठेवतात, फोन चार्जिंगला लावतात आणि बाजार करून येतात. तशीच एकदा कुणी एक बाई आपली पोरगी ठेवून गेली. तिला ऐकू येत नव्हतं. आपांनी तिला मागच्या खोलीत नेलं, समोर बसवलं आणि हातांनी काहीबाही बोलत राहिल्या. पुढच्या बाजाराला ती बाई पोरीला मुद्दाम घेऊन आली. मग तिच्या ओळखीचं आणखी एक पोरगं आलं, मग आणखी तीन. मी आलो तेव्हा मागच्या खोलीत पाच लेकरांचा वर्ग भरत होता, दर बाजाराला, आया भाजी घेऊन परत येईपर्यंत.

आपांनाही खुणांची भाषा पुरती येत नव्हती. कान बोलायला शिकल्यावर गेलेले, त्यामुळे त्यांची भाषा तोंडाचीच. एका लांबच्या मूकबधिर शाळेतले शिक्षक हातांनी गोष्टी सांगतात आणि त्यांचे व्हिडिओ पाठवतात, ते पाहून त्या शिकायच्या आणि शिकवायच्या. म्हणायच्या, "मी या लेकरायपेक्षा दोन पानं पुढं हावो, बस. व्हिडिओ बंद झाला त माही शाळा बी बंद."

त्या खोलीतल्या जुन्या टीव्हीला मी तळहाताएवढा एक कॉम्प्युटर जोडून दिला होता. नुसतीच एक उघडी पाटी, त्यावर चिप्स. त्यात व्हिडिओ दाखवणारा एक प्लेअर टाकला होता, फुकटचा. पण तो नुसता फुकट नव्हे, त्याचं आतलं सगळं लिखाण, म्हणजे कोड, उघडं. कुणीही वाचावं, चूक दिसली तर सांगावी, जमलं तर दुरुस्त करावी. जगभरातली माणसं आपापल्या गावी बसून तो बनवतात. मला ते फार बरं वाटायचं, जत्रेत सगळ्यांनी मिळून मांडव घालावा तसं.

मग त्या शाळेने नवा कॅमेरा घेतला. व्हिडिओ सुरेख यायला लागले, बोटाचं पेर न् पेर दिसेल असे, आणि आमचा छोटा कॉम्प्युटर धापा टाकायला लागला.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. व्हिडिओ येतो तो दाबून, घट्ट घड्या घालून. पाहताना त्या घड्या भराभर उलगडाव्या लागतात. कॉम्प्युटरचा मुख्य मेंदू ते काम करू शकतो, पण कापसातली सरकी हाताने काढत बसावं तसं. त्याच पाटीवर या एकाच कामासाठी चिपचा वेगळा भाग असतो, जणू सरकी काढणारी जिनिंगची गिरणीच. आमच्याकडे जिनिंग दाराशी उभी होती आणि आम्ही हाताने कापूस सोलत होतो. मी ते ओळखलं आणि प्लेअरला सांगितलं, बाबा, उलगडायचं काम त्या चिपकडे दे. लगेच फरक पडला. गाणी लोण्यासारखी चालायला लागली. चाचांनी गल्ल्यावरून डोकावून पाहिलं, "अबे वा! हे त टाकीजवानी दिसून राह्यलं!" माझी छाती फुगली.

पण त्या बाजाराला लेकरं बसली आणि आपा पडद्याकडे पाहून कपाळाला आठी घालून उभ्या राहिल्या.

"हात मागं जाऊन राह्यले," त्या म्हणाल्या.

मला काही दिसलं नाही. म्हणजे काहीतरी अडखळतंय असं वाटलं, पण मी म्हटलं, नवीन आहे, होईल. लेकरं मात्र चुळबूळ करायला लागली. हातांच्या भाषेत हात निघतो कुठून आणि पोचतो कुठे, यातच शब्द असतो. हात अर्ध्यात थबकला, क्षणभर मागे गेला आणि एकदम पुढे उडाला की शब्दाचा चुराडा होतो. त्यातली सगळ्यात लहान पोरगी, सहाएक वर्षांची, तिने तर पडद्याकडे पाठच केली आणि वरच्या पंख्याकडे पाहत बसली. तिची आई पिशव्या घेऊन आली ती दारातच थांबली.

"आपा, पुढच्या बाजारले नाही आणत मी हिले. कापसाची वेचणी सुरू हाये, दिवस मोडते माहा. अन् हे पंख्याकडं पाह्यत बसते. पंखा त आमच्या घरी बी हाये."

ती भांडखोर बाई नव्हती. उलट ओशाळून बोलत होती. आपांनी तिचे ओठ शेवटपर्यंत वाचले आणि एवढंच म्हणाल्या, "एक डाव अजून आण. मंग नको आणू." ती गेल्यावर बाकीच्या आया एकमेकींकडे बघत होत्या, ते मी पाहिलं. एक थांबली की सगळ्या थांबतात. आपा माझ्याकडे वळल्या. "नीट करून दे नं भाऊ."

मी टेबल ओढून कामाला बसलो.

आधी मी सोपा रस्ता धरला. व्हिडिओ लहान करून पाहिले. तेव्हा पाच बोटांचा एक गोळा झाला. चिप बंद करून पाहिली तर पुन्हा धापा. म्हणजे चिपशिवाय गत्यंतर नाही, आणि चिप लावली की आपा म्हणतात, हात मागे जातात. मी गाणी लावून लावून तपासलं. गाणी चकाचक. आपांना सांगितलं, "आपा, नीट आहे हो." त्या म्हणाल्या, "नाही." परत तपासलं. "नीट आहे." "नाही म्हनलं नं."

शेवटी ठरवलं, ज्यांनी प्लेअर बनवलाय त्यांनाच लिहावं. ठरवलं खरं, पण अख्खा दिवस नुसता बसून राहिलो. इंग्रजी मला मोबाइलवरच्या भाषांतरातून येणार. तिकडची माणसं शिकलेली. मी काय विचारतोय हेच त्यांना कळलं नाही तर? कळलं आणि हसले तर? चार ओळी लिहायचो, पुसायचो. आपा मागे चहा घेऊन उभ्या होत्या, मला कळलंच नाही.

"काय लिहून राह्यला अन् काय पुसून राह्यला?"

मी सांगितलं. चुकलं तर, म्हटलं.

"चुकीन त चुकीन. थे लोक काय महागावले येऊन मारतीन का तुले?" आणि माझ्या खांद्यावरून हात घालून त्यांनी पाठवायचं बटण दाबून टाकलं. त्यांनी चहा टेबलावर ठेवला आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. कुठल्याशा थंड देशातला एक माणूस, त्या प्लेअरचा हा भाग तोच सांभाळतो. फार अदबीने लिहिलं होतं. माझं शिक्षण त्याने विचारलं नाही. विचारलं ते एवढंच की पाटी कुठली आणि बिघडलेला व्हिडिओ पाठवू शकाल का. शाळेचा व्हिडिओ न विचारता पाठवायला माझं मन होईना. व्हिडिओ सगळे सारखेच असं समजून मी एक गाणं पाठवलं. तो म्हणाला, हे तर माझ्याकडे छान चालतं. मग त्याने अर्ध्याने शोधायची रीत सांगितली. प्लेअरमध्ये गेल्या काही महिन्यांत शेकडो बदल झालेले, त्यातला मधला घ्यायचा, तिथवरच्या लिखाणावरून प्लेअर नव्याने बांधायचा आणि चालवून पाहायचा. बरा चालला तर चूक त्याच्या पुढे, वाईट चालला तर मागे. परत उरलेल्याच्या मधोमध. ही रीत मला लगेच कळली. भिंतीतली वायर कुठे तुटली हे शोधताना आम्हीही टेस्टर मधोमधच लावतो.

पण प्रत्येक बदल बांधायला त्या लहान पाटीला दोन-तीन तास लागायचे. पाटी तापायची. मी ती टेबलफॅनसमोर ठेवायचो, वरून लाइट जायची. चाचा म्हणायचे, "काय आजारी लेकरावानी तिले वारा घालून राह्यला!" आणि एवढं करून बांधलेला प्रत्येक प्लेअर मी गाणं लावून पाहायचो आणि प्रत्येक वेळी लिहायचो, बरा. सगळेच बरे. म्हणजे चूक कुठेच नाही. थंड देशातल्या माणसाने शेवटी लिहिलं, की मला इथे काहीच सापडत नाहीये, सध्या हा विषय मिटवू या का? त्याचा दोष नव्हता. बाजार परवावर आला होता.

मी मागच्या खोलीत गेलो आणि गाणं लावून पडद्यासमोर बसलो, करायला काही नव्हतं म्हणून. आपा आल्या. टीव्हीशेजारी चाचांचा जुना लाकडी स्पीकर आहे, त्यावर हात ठेवून उभं राहायची त्यांना सवय. मला वाटायचं टेकण म्हणून उभ्या राहतात.

"हे बरं चालून राह्यलं," त्या म्हणाल्या.

"बघा! मी तेच तर म्हणतोय."

"पण हे डब्बा थरथरवून राह्यलं नं."

"कुठला डबा?"

त्यांनी स्पीकरवर थाप मारली. "हा. गाणं लागलं का हा थरथरते, माह्या तळव्याले गुदगुल्या होतात. तवा चित्र बी बरं चालते. लेकरायचा व्हिडिओ लावला का डब्बा मेलेला. अन् तवाच हात मागं जातात. तू मले रोज डब्बा थरथरणारंच कायले दाखवून राह्यला?"

त्या शाळेच्या व्हिडिओंना आवाज नाही. ठेवतील कशाला? ते बनवणाऱ्याला ऐकू येत नाही आणि पाहणाऱ्यालाही. आणि मी? कामाला लागल्यापासून टीव्ही दुरुस्त करताना मी पाठ करून बसतो, आवाज सलग आला की म्हणतो झालं. मी कानांनी टीव्ही पाहणारा माणूस. तिकडचे लोकही तसेच असणार. बिनआवाजाचा व्हिडिओ तपासायला कुणाला सुचणार?

मी त्याच गाण्यातला आवाज काढून टाकला. नुसता बंद नाही केला, फाइलमधूनच काढला. परत लावलं. नाचणाऱ्या बाईचा पाय पुढे आला, थबकला, मागे गेला, उडाला. मला दिसलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला दिसलं.

"दिसलं का रे बाप्पा?" आपा म्हणाल्या.

"दिसलं."

"मंग रडतोस कायले?"

मी रडत नव्हतो. म्हणजे थोडासा.

कारण नंतर उमगलं ते असं. आवाज असला की प्लेअर आवाजाला घड्याळ मानतो. चिपकडून एखादं चित्र उशिरा आलं, चुकीची वेळ लावून आलं, की आवाजाशी ताडून बघतो आणि म्हणतो, तुझी वेळ गेली, तू राहू दे. ते चित्र गुपचूप गळतं, कुणाला पत्ता लागत नाही. आवाजच नसला तर चित्रच स्वतःचं घड्याळ. मग उशिरा आलेलं चित्रही खरं धरलं जातं, त्याच्यासाठी घड्याळच मागे सरकतं, आणि पडद्यावरचा हात मागे जातो. आमची चिप चित्रांना अधूनमधून चुकीची वेळ लावत होती. सगळ्या जगात ती चूक आवाजाखाली झाकलेली राहिली होती.

त्या माणसाला दाखवायला आता शाळेचा व्हिडिओ नको होता. मी म्हटलं, आपा, तुमचाच काढतो. त्या आत जाऊन ओढणी बदलून आल्या. भिंतीशी उभ्या राहून त्यांनी हातांनी काहीतरी सांगितलं, बराच वेळ. मी आवाज काढून टाकून ते पाठवलं. यावेळी बटण मीच दाबलं. त्याचं उत्तर संध्याकाळच्या आत आलं. आता मला दिसतंय, असं पहिलं वाक्य. मग त्याने विचारलं होतं, या बाई काय सांगतायत? मी आपांना विचारलं. त्या म्हणाल्या, "त्याले म्हन, बाजाराच्या आधी कर."

मग आम्ही परत अर्ध्याने शोधायला बसलो, पण यावेळी बरं-वाईट ठरवायला आपा. मी लावायचो, त्या हाताची घडी घालून पाहायच्या, अंगठा वर किंवा खाली. बांधायला वेळ लागायचा म्हणून त्या माणसाने तिकडून तयार बांधून पाठवले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चूक नेमकी कुठल्या बदलात शिरली ते सापडलं. त्या बदलापासून प्लेअर चिप सांगेल तीच वेळ खरी मानायला लागला होता. तो म्हणाला, दुरुस्ती तुम्हीच करून बघता का? मी हादरलो. चिपने सांगितलेल्या वेळेवर विसंबायचं नाही, चित्र चिपकडे देताना त्यावर असलेली वेळ आपणच जपून ठेवायची आणि चित्र बाहेर आलं की तिच्याशी जुळवायची, एवढंच करायचं होतं. मी तीन ओळी लिहिल्या. त्या ओळींनी गाणीच बंद पडली. त्याने दोन ओळी बदलल्या, एक माझी ठेवली. ती ओळ अजून आहे तिथे.

बाजाराच्या दिवशी सकाळी मी नवा प्लेअर टाकला आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो. आत थांबवेना. चार लेकरं आली. धाकटी पोरगी आली नाही. आपा दहा वेळा रस्त्यावर येऊन गेल्या आणि शेवटी चपला घालून निघाल्याच. भाजीच्या रांगेतून त्या दोघींना घेऊन आल्या. आई कुरकुरत होती, "आपा, मले वांगे त घेऊ द्या." आपांनी ते वाचलं नाही, किंवा वाचूनही सोडून दिलं.

गोष्ट बकरीची होती. पडद्यावरच्या बाईने हनुवटीखाली बोटं नेऊन दाढी ओढल्यासारखं केलं. हात गेला, पोचला, परत आला, पाण्यासारखा. पोरगी पंख्याकडे पाहत होती. बाईने परत केलं. पोरीची मान खाली आली. ती पाहत राहिली आणि मग तिने स्वतःच्या हनुवटीखाली बोटं नेली, आईकडे वळली आणि दाढी ओढली. परत. परत. पुढे बोट दाराकडे, लांब, गावाकडे.

"काय म्हनते थे?" आई म्हणाली.

"बकरी म्हनते," आपा म्हणाल्या. "कोणाची बकरी दाखवून राह्यली?"

आईने पिशवी खाली ठेवली. "आमच्या घरची हाये नं एक. कालच व्याली. थेच सांगून राह्यली वाटते." आणि ती पोरीकडे असं बघायला लागली, जणू पोरगी आत्ताच कुठूनतरी गावाहून आली. मग तीही हनुवटीखाली बोटं नेऊन दाढी ओढायला लागली. वांगी राहूनच गेली.

ती त्यानंतरच्याही बाजाराला आली, आणि त्याच्याही पुढच्या.

दुरुस्ती प्लेअरमध्ये कायमची गेली तेव्हा त्या माणसाने विचारलं, तपासणारे म्हणून कुणाचं नाव लिहू? मी आपांचं सांगितलं. त्यांना दाखवलं तर म्हणाल्या, "माहं कायले? मी त डब्ब्यावर हात ठेवला फक्त." पण जरा वेळाने परत आल्या आणि म्हणाल्या, "दाखव बरं पुन्हा."

आता माझं राहिलेलं सांगतो. दिवसभर लोकांच्या ओठांकडे बघून बघून संध्याकाळी आपांचे डोळे दुखतात. त्या सांगत नाहीत, पण दिवे लागले की ओल्या फडक्याने पापण्या पुसत बसतात. इतकी वर्षं सगळं गाव बोलतं तसं बोलत आलं आणि कळून घ्यायचे कष्ट त्यांनी एकटीने केले. माझं बोलणं कळून घ्यायचे कष्टही त्यात आलेच. तेव्हा आपा, हे तुम्ही वाचाल म्हणून लिहितो. बाजाराच्या दिवशी मीही आता मागच्या रांगेत बसतो, ते उगाच नाही. माझे हात अजून अडखळतात, लेकरं मला हसतात. पण मी शिकेन. एक दिवस असा येईल की माझ्याशी बोलताना तुम्हाला माझ्या तोंडाकडे बघून अंदाज बांधत बसावं लागणार नाही. तुम्ही दमून बसाल आणि दिवसभराचं सगळं मी तुम्हाला हातांनी सांगेन, सावकाश आणि पुरतं. घाबरट माणसाचा शब्द आहे, पण शब्द आहे.